फायरवॉल पुरते, पण भोकं पुरून उरतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भांडुपला घरी विंडोज ११चा एक लॅपटॉप आहे. दिवसा तुम्ही त्यावर एका कंपनीचं हिशेबाचं काम करता, संध्याकाळी मुलगा त्यावरच गेम खेळतो. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार तीन वर्षांचं सिक्युरिटी पॅकेज गळ्यात मारायला बघतोय, कारण त्याच्या मते विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवरून न बोलावता येणाऱ्याला अडवणारा आतला पहारा, नावालाच असते. मावसभाऊ म्हणतो, पैसे घालवू नकोस, आतली पुरेशी आहे. तर खरं कोण बोलतंय?

मावसभाऊ. पण त्याने अर्धंच सांगितलंय आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून हे एवढं लांबण.

मी २००२ पासून मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. सीए, दवाखाने, क्लासेस, दोन-चार प्रिंटिंग प्रेस. एवढ्या वर्षांत बिघडलेली, लुटलेली, कुलूपबंद झालेली मशिनं भरपूर पाहिली. पण विंडोजची चालू असलेली फायरवॉल बाहेरून फोडून कुणी आत शिरलंय, असं एकही मशीन माझ्या हाताखाली आलेलं नाही. जे आत शिरले ते कुणीतरी उघडून ठेवलेल्या दारातून शिरले. त्यामुळे फायरवॉल पुरेशी आहे का, या प्रश्नाच्या आधी मी विचारतो: ती चालू आहे का, आणि तिला आतापर्यंत कुणी कुठे भोकं पाडलीत?

आधी ती नेमकं करते काय ते बघू. लॅपटॉपवर काही प्रोग्रॅम बाहेरच्या हाकेची वाट बघत बसलेले असतात. प्रत्येकाचं क्रमांक असलेलं दार ठरलेलं, त्याला पोर्ट म्हणतात. फाइल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, रिमोट डेस्कटॉप (दुसरीकडे बसून हे मशीन चालवायची सोय) चालू केला असेल तर तो ३३८९वर. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा तुमचा लॅपटॉप स्वतः बँकेच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टला हाक मारतो. फायरवॉल त्या हाकेची नोंद ठेवते आणि तिचं उत्तर आलं की ते मुकाट आत सोडते. न बोलावता जे येतं ते, त्याच्यासाठी परवानगीचा नियम नसेल तर, दारातच टाकून देते. समोरच्याला साधा नकारही कळवत नाही. विंडोजची फायरवॉल मुळात एवढंच करते, आणि एवढं ती चोख करते.

हे कौतुक मी पुस्तक वाचून करत नाही. ऑगस्ट २००३मध्ये माझं दुकान म्हणजे पाठीवरची सॅक, तिच्यात सीडींचं पाकीट आणि दोन स्क्रूड्रायव्हर. त्या महिन्यात दादरपासून मुलुंडपर्यंत एकच तक्रार: संगणक चालू केला, नेट जोडलं, की साठ सेकंदांची उलटी मोजणी लागते आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. तो ब्लास्टर नावाचा वर्म होता, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरणारा व्हायरस. विंडोजमध्ये १३५ क्रमांकाच्या पोर्टवर एक सेवा ऐकत बसायची, तिच्यातली चूक वापरून तो आत यायचा. कुणी मेल उघडलेली नव्हती, काही डाउनलोड केलेलं नव्हतं. वायर जोडलेली असणं एवढंच पुरेसं होतं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैमध्येच दिली होती, पण ती उतरवायची कशी? मशीन फॉरमॅट करून नवं विंडोज टाकायचं, वायर लावायची, दुरुस्ती अर्धी उतरेपर्यंत पुन्हा साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

कारण तेव्हाचं आपलं केबलनेट. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आठवेल. केबलवाला गच्चीवरून गच्चीवर वायर टाकायचा, मीटररूममध्ये लाकडी खोक्यात एक स्विच, आणि अख्ख्या गल्लीतले संगणक एकाच नेटवर्कवर. ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडलं की चौथ्या मजल्यावरच्या काकांचा संगणक त्यांच्या आडनावासकट दिसायचा, आणि पुष्कळदा त्यांची पूर्ण सी ड्राइव्हही. एका घरात वर्म शिरला की समोरच्या बिल्डिंगपर्यंत पोचायला त्याला जिना चढावा लागत नव्हता.

गंमत अशी की विंडोज एक्सपीमध्ये २००१पासून फायरवॉल होती. फक्त ती बंद असायची, आणि चालू करायची खूण नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये शेवटच्या टॅबवर दडवलेली. मला ते कळायला चार दिवस आणि नऊ मशिनं लागली. मग मी आधी ती खूण करायचो, नंतर वायर जोडायचो, आणि चहा पीत दुरुस्ती उतरू द्यायचो. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सॅसर आला, या वेळी ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून. ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे एक मोठं अपडेट, आला आणि फायरवॉल पहिल्यापासूनच चालू येऊ लागली. त्यानंतर ‘नुसतं नेट जोडलं आणि मशीन गेलं’ असे घरगुती फोन हळूहळू बंदच झाले. माझा त्या वर्षीचा धंदा त्याने थोडा बसला, हे खरं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळ्यात आधी, लॅपटॉप कुठे जोडलेला आहे.

घरी वायफाय राउटर असेल तर बाहेरून आलेली आगंतुक हाक पहिल्यांदा राउटरला भेटते. घरातल्या चार-सहा उपकरणांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो, त्यामुळे न बोलावता आलेलं डेटाचं पाकीट कुणाला द्यायचं हे राउटरला कळतच नाही आणि तो ते टाकून देतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन म्हणा. लॅपटॉपमधली फायरवॉल म्हणजे तुमच्या स्वतःच्या फ्लॅटचं सेफ्टी डोअर. वॉचमन आहे म्हणून कुणी सेफ्टी डोअर काढून भंगारात देत नाही, कारण सोसायटीच्या आतही माणसं असतात. तुमच्या घरात आत कोण आहे? मुलाचा फोन, त्याच्या मित्रांचे फोन, स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, एखादा वायफाय कॅमेरा. यांपैकी एकात काही शिरलं तर राउटर मध्ये पडणार नाही. लॅपटॉपची फायरवॉल पडेल.

पुष्कळ इंटरनेट कंपन्या हल्ली घरच्या राउटरलाही खरा सार्वजनिक पत्ता देत नाहीत. हजारो ग्राहकांना मिळून थोडे पत्ते वाटतात. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७च्या मधला असेल, तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. बाहेरून पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटवर तुम्ही चाचणी घेतली आणि ‘सगळं बंद, तुम्ही सुरक्षित’ असा हिरवा निकाल आला, तर तो निकाल कंपनीच्या यंत्राचा असतो. तुमच्या लॅपटॉपपर्यंत ती चाचणी पोचलेलीच नसते. अशा निकालाचा स्क्रीनशॉट पाठवून ‘बघा, आपलं झकास आहे’ म्हणणारे गिऱ्हाईक मला महिन्याला एक तरी भेटतं.

आणि हे सगळं जुन्या पद्धतीच्या पत्त्यांबद्दल झालं. जिओने आपल्याकडे आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली, बाकीचेही देतात. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगातला स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो. एकाच पत्त्यामागे लपण्याचा फुकटचा फायदा तिथे नाही. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू असेल तर ठीक, कुणी ती बंद केली असेल तर मध्ये उरते फक्त लॅपटॉपची. ‘राउटर आहे ना, मग विंडोजची बंद केली तरी चालते, गेम फास्ट होतो’ असं मुलगा म्हणाला तर त्याला एवढं सांगा. गेम फास्टही होत नाही.

घराबाहेर मात्र सेफ्टी डोअर एवढंच असतं, वॉचमन नसतो. कॅफे, स्टेशनचं वायफाय, हॉटेल, क्लायंटचं ऑफिस. त्यासाठी विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवायची सोय आहे. पब्लिक म्हटलं की फाइल शेअरिंग वगैरे बंद आणि लॅपटॉप इतरांना दिसत नाही. माझं मत सरळ आहे: घरच्या वायफायलासुद्धा पब्लिकच ठेवा, जोवर घरातल्या दुसऱ्या मशीनला तुमच्या फाइली द्यायच्या नाहीत. वायफायचा प्रिंटर अडलाच तर मग बदला. सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडून जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये हे दिसतं. बाहेर फार फिरावं लागत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या फायरवॉल पानावर ‘येणारी सगळी जोडणी अडवा, परवानगीच्या यादीतली असली तरीही’ अशा अर्थाची एक खूण आहे. ती केल्यावर ब्राउझिंग, मेल, झूम सगळं चालतं, कारण त्यात हाक तुम्ही मारता.

आता भोकांकडे येतो.

२०२०चा लॉकडाउन. गिरगावातल्या एका सीएंच्या ऑफिसात सहा मशिनं, एकावर टॅलीचा सगळा डेटा. माणसं विरार, डोंबिवली, कल्याणला अडकलेली आणि रिटर्न तर भरायची आहेत. कुणीतरी ओळखीच्याला फोन केला. त्याने टॅलीच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप चालू केला आणि राउटरमधून ३३८९ क्रमांकाचं पोर्ट थेट त्या मशीनकडे वळवून दिलं. पंधरा मिनिटांचं काम, सगळे खूश. पासवर्ड ऑफिसचं नाव, पुढे १२३.

मला बोलावलं तेव्हा उशीर झाला होता. प्रत्येक फाइल कुलूपबंद आणि तिच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलेलं, डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला कायमची जोडलेली असल्यामुळे तिच्यावरही तीच शेपटं. मी सवयीने आधी फायरवॉल बघितली. डोमेन (ऑफिसचं नेटवर्क), प्रायव्हेट, पब्लिक, तिन्ही खुणा हिरव्या. ‘फायरवॉल चालू आहे.’ आणि ते खरंच होतं. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू केला की त्याच्यासाठीची परवानगी फायरवॉलमध्ये आपोआप चालू होते. आपण दार उघडायला सांगितलं, तिने उघडलं. बाहेर रात्रंदिवस ३३८९ हुडकत फिरणाऱ्या आणि पासवर्ड ओळखून बघणाऱ्या यंत्रांना ते सापडलं, एवढंच. सीए साहेब मला विचारत होते, ‘मग फायरवॉल काय करत होती?’ त्यांना उत्तर देणं जिवावर आलं होतं.

मग मी इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्यांच्या, नियमांची यादी उघडली. ही यादी कशी वाचायची ते सांगतो, कारण तुम्हाला आज हेच करायचं आहे. विंडोजच्या सर्चमध्ये ‘फायरवॉल’ लिहिलं की ‘ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ असं पुढे लागलेला एक पर्याय येतो. तो उघडून डावीकडे ‘इनबाउंड रूल्स’वर क्लिक करा. शे-दोनशे ओळी दिसतील, घाबरू नका. ‘ग्रुप’ नावाचा एक रकाना आहे. विंडोजने स्वतः आणलेल्या नियमांपुढे तिथे काहीतरी लिहिलेलं असतं. ज्यांच्यापुढे तो रकाना कोरा आहे ते नियम सहसा कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने नंतर घातलेले, आणि ते यादीत सगळ्यात वर येतात. त्या वरच्या दहा-वीस ओळी म्हणजे तुमच्या मशीनचा खरा इतिहास.

त्या गिरगावच्या मशीनवर तिथे काय होतं? एक जुना टॉरेंट प्रोग्रॅम, जो काढून टाकूनही वर्षं झाली होती, पण नियम जिवंत. प्रिंटरचे चार. सीसीटीव्ही बघायच्या सॉफ्टवेअरचे दोन. आणि एक ओळ, नाव ‘टेस्ट’. प्रोग्रॅम: कुठलाही. पोर्ट: कुठलंही. पत्ता: कुठलाही. प्रोफाइल: सगळे. कृती: परवानगी. कधीतरी कुणाचं तरी सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवरून उघडत नव्हतं, सपोर्टवाल्याने फायरवॉलमुळे आहे का बघू म्हणून हा नियम घातला, सॉफ्टवेअर चाललं, सपोर्टवाला जेवायला गेला. ही एक ओळ असली की फायरवॉल चालू असून नसल्यासारखीच, आणि पानावरची खूण मात्र हिरवीच राहते. घरच्या लॅपटॉपवरही मला असे नियम सापडलेत, बहुतेक गेमच्या फोरमवर वाचून मुलांनी घातलेले. तुमच्या मुलाला रागावू नका, फक्त बसून यादी बघा.

गेम लावताना किंवा नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवताना जी खिडकी येते, ‘या ॲपला नेटवर्कवर परवानगी द्यायची का’, ती याच यादीत भर घालते. आपण ती वाचत नाही, ‘अलाउ’ दाबून मोकळे होतो. ‘कॅन्सल’ दाबलंत तर उलट, अडवण्याचा नियम तयार होतो. आणि विंडोजमध्ये परवानगी आणि अडवणूक दोन्ही समोरासमोर आल्या तर अडवणूक जिंकते. म्हणून कधी कधी ‘परवानगी दिली तरी चालत नाही’ असं होतं, मग वैतागून माणूस अख्खी फायरवॉलच बंद करतो. असं झालं तर यादीत त्याच प्रोग्रॅमच्या नावाची लाल खूण शोधा आणि फक्त ती काढा. माझा ढोबळ नियम: जे ॲप मी स्वतः बाहेर हाक मारायला वापरतो त्याला ‘कॅन्सल’ने काही अडत नाही. फक्त दुसऱ्याने माझ्या मशीनशी जोडायचं असेल तेव्हाच परवानगी, आणि तीही प्रायव्हेटपुरती.

अजून एक गोष्ट, विशेषतः तुम्ही ऑफिसचं काम करता म्हणून. काही भोकं कायदेशीर असतात, तरी धोक्याची. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्म पसरला तो ४४५ म्हणजे फाइल शेअरिंगच्या पोर्टमधून. ऑफिसात सगळ्यांना सर्व्हरवरच्या फाइली हव्यात, म्हणजे ते पोर्ट आतल्या आत उघडं असणारच. तिथे फायरवॉल काय करणार? एक मशीन पडलं की बाकीच्यांच्या दारावर टकटक करणारा ‘आपलाच माणूस’ असतो. त्या वेळी वाचले ते मार्चमध्ये आलेलं अपडेट टाकलेले. म्हणून फायरवॉल आणि अपडेट यांची बरोबरी मी कधी लावत नाही. उघड्या ठेवाव्या लागणाऱ्या दारामागे जो प्रोग्रॅम बसलाय, त्याचं बळ अपडेटवर असतं. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरात कुणाचं जुनं मशीन अजून त्यावर चालत असेल आणि वाढीव अपडेटची सोय घेतलेली नसेल, तर त्याची काळजी तुमच्या लॅपटॉपच्या आधी करा.

दुकानदाराच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती त्याला सांगता आली की नाही कोण जाणे. विंडोजची फायरवॉल येणाऱ्याला अडवते, जाणाऱ्याला मुळात अडवत नाही. लॅपटॉपमध्ये एखादा खोडसाळ प्रोग्रॅम आधीच शिरला असेल आणि तो बाहेर माहिती पाठवत असेल, तर ती गप्प राहते. जाणाऱ्यांवरही नियम घालता येतात, पण पहिल्यापासून सगळ्यांना मुभा असते.

हे वाईट आहे का? वीस वर्षांपूर्वी मी म्हणालो असतो, हो. तेव्हा झोनअलार्म नावाची फुकट फायरवॉल जोरात होती, प्रत्येक प्रोग्रॅम बाहेर जाताना विचारायची. मी ती पार्ल्यातल्या एका काकांच्या मशीनवर मोठ्या अभिमानाने टाकली. पहिल्या दिवशी त्यांनी मला अकरा वेळा फोन केला. ‘अरे, हे एसव्हीसीहोस्ट कोण आहे? सोडू का?’ (तो विंडोजचाच एक भाग.) चौथ्या दिवशी फोन थांबले. मला वाटलं सवय झाली. जाऊन बघितलं तर ते सगळ्यालाच ‘येस’ दाबत होते. आणि शिकलेला व्हायरस तर तसंही ब्राउझरच्या आडून, ४४३नेच बाहेर जातो. तिथे फायरवॉलला तो आणि तुमची बँक सारखेच दिसतात. वर त्याला ॲडमिनचे, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचे, अधिकार मिळाले असतील तर तो फायरवॉलमध्ये स्वतःचा नियमही घालून घेतो. विकतची असो नाहीतर फुकटची, एकाच मशीनवर राहणाऱ्या कुठल्याही फायरवॉलची ही मर्यादा आहे. म्हणून रोजच्या वापराचं खातं ॲडमिनचं नको, साधं ठेवा. मुलासाठी तर वेगळं खातं कराच. या एका गोष्टीने तीन वर्षांच्या पॅकेजपेक्षा जास्त काम होतं, आणि ती फुकट आहे.

आणि काही चोऱ्यांशी फायरवॉलचा संबंधच नसतो. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज आपल्याकडे कुणाला आला नाही? फोन केला की समोरचा गोड आवाजात एनीडेस्कसारखं रिमोट ॲप टाकायला सांगतो. ते ॲप तुम्हीच टाकता, त्यावर दिसणारे आकडे तुम्हीच वाचून दाखवता, जोडणी आतून बाहेर जाते. फायरवॉलच्या हिशेबी सगळं रीतसर. असं काही घडलंच तर नेट तोडून लगेच १९३०वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, पहिल्या तासात पैसे अडवले जाण्याची शक्यता असते.

मग विकतचं घ्यायचंच नाही का? अँटिव्हायरस म्हणून घ्यायचं तर घ्या, तो वेगळा विषय, आणि विंडोजमध्ये आलेला अँटिव्हायरसही घरासाठी मला पुरेसा वाटतो. फायरवॉलसाठी म्हणून घेऊ नका. यामागे दोन अनुभव आहेत. एक माझा. एका दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या मशीनमध्ये विकतचं पॅकेज होतं. असं पॅकेज आलं की विंडोजची फायरवॉल बाजूला होते, दोघींनी एकमेकींच्या पायात येऊ नये म्हणून. वर्ष संपलं, पैसे कुणी भरले नाहीत. त्या सॉफ्टवेअरने काम थांबवलं, पण आपलं नाव हजेरीपटावर तसंच ठेवलं. विंडोजला वाटत होतं पहारा चालू आहे. प्रत्यक्षात कितीतरी महिने दाराशी कुणीच नव्हतं. तुमच्याकडे आधीचं असं मुदत संपलेलं काही असेल तर ते बंद करून भागणार नाही, ‘अनइन्स्टॉल’ करा, आणि मग विंडोजची फायरवॉल खरोखर परत आली का ते डोळ्यांनी बघा.

दुसरा अनुभव जगाचा. मार्च २००४मध्ये विटी नावाचा वर्म आला. तो शिरायचा कशातून? ब्लॅकआइस नावाच्या फायरवॉलमधल्या चुकीतून. सुमारे बारा हजार मशिनं पडली, आणि तो डिस्कवरचा डेटा थोडा थोडा खात जायचा. म्हणजे ज्यांनी जादा काळजी घेतली तेच सापडले. दाराला आणखी एक कुलूप लावताना त्या कुलपाचीही किल्ली कुठेतरी असते, हे त्या वेळी डोक्यात बसलं ते बसलं.

स्वतंत्र यंत्रातली फायरवॉल, म्हणजे राउटरच्या जागी बसणारी पेटी, मी कधी सुचवतो? आठ-दहा मशिनं, सर्व्हर, बाहेरून काम करणारी माणसं आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) असलेल्या ऑफिसला. कारण डीव्हीआर, प्रिंटर यांच्या आत फायरवॉल टाकता येत नाही, आणि कॅमेरेवाला डीव्हीआरचा पासवर्ड बदलत नाही, हे मी जवळजवळ धरूनच चालतो. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असे कारखान्यातल्या पासवर्डवरचे कॅमेरे आणि राउटर गोळा करूनच गोंधळ घातला होता. गिरगावच्या त्या ऑफिसात आता तशी पेटी आहे. लोक आधी व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेने, तिच्यात येतात, मग टॅलीपर्यंत. ३३८९ बाहेरून बंद. बॅकअपची डिस्क शुक्रवारी जोडतात आणि काढून कपाटात ठेवतात. मशिनांवर विंडोजचीच फायरवॉल, पण प्रत्येकावर चालू.

मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी हे वाचलं तर एवढंच: मॅकमधली मला बहुतेकदा बंदच सापडते, सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली एक कळ आहे, चालू करा. उबुंटू या लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल येते, तीही बंद अवस्थेत, ती चालू करायला एक ओळीची आज्ञा पुरते.

तुमच्यासाठी म्हणून आज रात्रीचं काम. आधी विंडोज सिक्युरिटी उघडून फायरवॉलच्या तिन्ही प्रोफाइल चालू आहेत का बघा. मग वर सांगितली ती यादी, ग्रुप कोरा असलेल्या ओळी. ओळखीचं नाव नाही, किंवा प्रोग्रॅम काढून टाकलाय, किंवा पोर्ट आणि पत्ता दोन्हीकडे ‘एनी’ आणि प्रोग्रॅमही ‘एनी’, तर ती ओळ आधी ‘डिसेबल’ करा, लगेच पुसू नका. आठवडाभरात कुणी ओरडलं नाही तर पुसा. यादी बघून डोकं गरगरलंच तर फायरवॉल मूळ अवस्थेला न्यायची सोय कंट्रोल पॅनेलच्या फायरवॉल पानावर आहे, ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’. ती वापरली की एखाददुसरं ॲप पुन्हा परवानगी मागेल, तेव्हा या वेळी वाचून उत्तर द्या. लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर मात्र यातलं काही करू नका, त्यांच्या आयटीवाल्याला विचारा. ते नियम त्याने मुद्दाम घातलेले असू शकतात.

एक माहिती तुमच्या प्रश्नात नाही. केबलवाल्याची वायर घरात येऊन राउटरमध्ये जाते की थेट लॅपटॉपमध्ये? अजूनही काही घरांत थेट जाते. तसं असेल तर दुकानदाराला द्यायचे होते त्या पैशांतून आधी एक बरा राउटर घ्या आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड बसवतानाच बदला. राउटर असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरचं पोर्ट आतल्या मशीनकडे वळवणं) आणि ‘यूपीएनपी’ (ॲपना तेच आपोआप करू देणारी सोय) या दोन जागी काय लिहिलंय ते बघून मला सांगा. मुलाच्या गेमने तिथे काही उघडून ठेवलं असेल तर ते काय आहे ते पोर्टच्या आकड्यावरून कळेल.